छावणी आणि शहर

२०२५ च्या ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. भोंगे वाजले, दिवे मालविण्याचा पाठ अनेक ठिकाणी गिरविण्यात आला, आणि जखमी झाल्याचे सोंग घेतलेल्या माणसांना स्वयंसेवकांनी स्ट्रेचरवरून सुखरूप हलविले. १९६५ आणि १९७१ ची युद्धे ज्यांना आठवतात अशा वडीलधाऱ्या मंडळींना खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटविलेल्या त्या रात्री पुन्हा डोळ्यांसमोर आल्या असतील. असा सराव अवश्य व्हावा; त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. परंतु ज्या हल्ल्यासंबंधी आज आम्हाला लिहावयाचे आहे, त्या हल्ल्यात भोंगा वाजत नाही. आकाशात विमान दिसत नाही, स्फोट ऐकू येत नाही, धूर निघत नाही. एखाद्या मंगळवारी दुपारी पेठेतल्या एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ताप आणि दम लागलेला एक मनुष्य येतो, संध्याकाळी दुसरा येतो, आणि दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला तिसरा येतो. हल्ला होऊन तोपर्यंत दोन-तीन दिवस उलटलेले असतात.

रोगजंतूंचे शस्त्र करून केलेल्या या हल्ल्याला प्रथम तोंड द्यावयाचे असते ते सीमेवरच्या जवानाला नव्हे, तर शहरातल्या डॉक्टरला आणि परिचारिकेला. उलटपक्षी, अशा हल्ल्याचे शास्त्र, संरक्षक पोशाख, संशयित नमुना हाताळण्याची शिस्त आणि हुकूम सुटताच हलणारी माणसे यांचा मोठा साठा लष्कराकडे असतो. ज्ञान एकीकडे आणि रोगी दुसरीकडे, अशी ही विचित्र वाटणी आहे. या दोन बाजूंची गाठ संकटाच्या दिवशी प्रथमच पडणार असेल, तर तो दिवस ओळखी करून घेण्यातच जाईल.

हे भय कल्पनेतले आहे, असे कोणी म्हणेल. जंतुशस्त्रांना बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली सह्यांसाठी खुला झाला आणि १९७५ च्या २६ मार्चपासून अमलात आला. भारत त्याचा सभासद आहे. २०२५ मध्ये त्या कराराला पन्नास वर्षे पुरी झाली. परंतु कराराचे पालन कोण करतो आणि कोण करीत नाही हे तपासण्याची यंत्रणा त्या कराराला या पन्नास वर्षांत लाभली नाही. सोव्हिएत रशियाने करारावर सही केली आणि त्यानंतरच जंतुशस्त्रांचा आपला उद्योग प्रचंड प्रमाणावर वाढविला. शिवाय करार राष्ट्रांना बांधतो, टोळ्यांना बांधत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात गुजरातच्या दहशतवादविरोधी पथकाने एरंडाच्या बियांपासून निघणारे रिसिन नावाचे विष तयार करण्याच्या खटपटीच्या आरोपावरून काही जणांना अटक केली. आरोप खरा की खोटा, हे न्यायालय ठरवील. परंतु हा विषय आता केवळ परदेशी मासिकांतला राहिलेला नाही, एवढे मानावयास हरकत नाही.

हल्ला झाला आहे हे ओळखणेच किती अवघड असते, याचे एक उदाहरण पुणेकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९७४ ते १९८१ या काळात कोरेगाव पार्कात ज्यांचा आश्रम गाजत होता, त्या रजनीशांनी पुढे अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात आपली वसाहत वसविली. १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तेथील द डॅल्स या लहानशा गावात ७५१ माणसे पोट बिघडून आजारी पडली. उपाहारगृहांत मांडून ठेवलेल्या कच्च्या भाज्यांच्या कोशिंबिरीत साल्मोनेला जंतू मिसळण्यात आले होते. जिल्ह्याच्या निवडणुकीच्या दिवशी गावकऱ्यांनी घरीच पडून राहावे, असा हेतू होता. आरोग्यखात्याने चौकशी केली. चौकशी कसून झाली आणि निष्कर्ष निघाला की, उपाहारगृहातील नोकरांनी हात नीट धुतले नसावेत! खरा प्रकार बाहेर आला तो वर्षभराने, पंथातच फूट पडली तेव्हा. त्या आरोग्याधिकाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. आरोग्यखाते रोगाचे मूळ शोधते. माणसाच्या मनातील पाप शोधण्याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. आणि पोलिसांना जंतू दिसत नाहीत.

याउलट २००१ साली फ्लॉरिडात घडले. एका वृत्तपत्रसंस्थेत काम करणारा छायाचित्र-संपादक रुग्णालयात दाखल झाला. त्याच्या मणक्यातील पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या डॉक्टरांना त्यात अपरिचित आकाराचे जंतू दिसले, आणि अमेरिकेत वर्षानुवर्षे न दिसणाऱ्या ॲन्थ्रॅक्सची शंका त्यांनी बोलून दाखविली. आपले शेतकरी गुराढोरांच्या ज्या रोगाला काळपुळी किंवा फाशी म्हणतात, तोच हा रोग. ही शंका एका नागरी रुग्णालयातील वैद्याची होती. कोणा सेनापतीची नव्हे की गुप्तहेराचीही नव्हे. ती वेळेवर आली म्हणून पुढील कित्येक जण वाचले.

पण पुढची हकिगत तितकी अभिमानाची नाही. टपालाने धाडलेल्या पाकिटांतून ही भुकटी पसरत होती. १५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये एका सिनेटरच्या कचेरीत असे पाकीट उघडले गेले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांची ताबडतोब तपासणी झाली आणि त्यांना औषधे मिळाली. ते पाकीट ज्या ब्रेंटवुड टपालकेंद्रातून गेले होते, तेथील कामगार मात्र आणखी सहा दिवस कामावर येत राहिले. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडतील असे आरोग्यखात्याला वाटले नव्हते. त्यांपैकी दोघे दगावले. देशभर एकूण सतरा जण आजारी पडून बरे झाले आणि पाच जण मेले. मृतांची संख्या लहान आहे, परंतु ब्रेंटवुडच्या कामगारांत कृष्णवर्णीयांची संख्या फार मोठी होती, आणि सिनेटच्या मंडळींना एक न्याय व आपल्याला दुसरा, हा सल त्यांच्या मनात घर करून बसला. या प्रकरणाची आणखी एक बाजू अशी की, पाकिटांतील भुकटी तपासली ती मेरीलँडमधील फोर्ट डेट्रिक येथील लष्करी वैद्यकीय संशोधनसंस्थेने. आणि बऱ्याच वर्षांनंतर अमेरिकेच्या तपासयंत्रणेने बोट दाखविले तेही त्याच संस्थेतील एका शास्त्रज्ञाकडे. खटला उभा राहण्यापूर्वीच त्याने आत्महत्या केली; न्यायालयाचे शिक्कामोर्तब त्यामुळे झाले नाही. तिजोरीचा राखणदार कोण, हा प्रश्न लष्करी प्रयोगशाळेलाही लागू असतो.

अमेरिकेने याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २००० च्या मे महिन्यात, डेन्व्हर शहरात प्लेगच्या काल्पनिक हल्ल्याचा मोठा सराव केला होता. त्याचे वृत्तांत आपल्याकडील अधिकाऱ्यांनी मुद्दाम वाचावेत. केंद्र सरकार, राज्य सरकार, शहर, रुग्णालये असे सर्वच त्यात होते. परंतु निर्णय घ्यावयाचे ते टेलिफोनवरील बैठकांत, आणि त्या बैठकांत पन्नास-पन्नास, शंभर-शंभर माणसे असत. सारेच बोलत होते. ठरवावयाचे कोणी, हेच ठरत नव्हते. औषधाचा साठा विमानाने येऊन पोहोचला, पण विमानतळापासून रोग्याच्या हातापर्यंतचा शेवटचा प्रवास कसा व्हावयाचा, याची तयारी अपुरी होती. संपन्न देशाची ही कथा. आपल्याकडे साठ्याचे आकडे कागदावर मांडून स्वस्थ बसणाऱ्यांनी हा शेवटचा प्रवास एकदा पायी करून पाहावा.

लष्कर आणि नागरी वैद्यक यांच्यामध्ये भिंत उभी राहिली म्हणजे काय होते, हे सर्वांत भयानक रीतीने दिसले ते १९७९ साली रशियातील स्व्हर्दलोव्स्क शहरात. एप्रिलच्या आरंभी तेथील लष्करी जंतुप्रयोगशाळेतून ॲन्थ्रॅक्सचे बीजाणू हवेत सुटले आणि वाऱ्याच्या दिशेने शहराच्या दक्षिण भागावर पसरले. हा परकीयांचा हल्ला नव्हता. स्वतःच्याच लष्कराचा अपघात होता. माणसे तापाने फणफणून रुग्णालयांत येऊ लागली आणि पटापट मरू लागली. निदान ६६ माणसे त्यात गेली. हवेतून काय आले हे लष्कराला ठाऊक होते. रोगी ज्यांच्यासमोर मरत होते त्या डॉक्टरांना मात्र ते सांगण्यात आले नाही. फाइना अब्रामोव्हा नावाच्या शवचिकित्सक बाईंनी मृतांची शरीरे उघडून पाहिली तेव्हा त्यांना ॲन्थ्रॅक्स ओळखता आला. परंतु सरकारने दूषित मांसाची कथा प्रसृत केली आणि गुप्त पोलिसांनी रुग्णालयातील कागदपत्रे उचलून नेली. अब्रामोव्हाबाईंनी व त्यांचे सहकारी ग्रिनबर्ग यांनी मृतांच्या ऊतींचे काही नमुने आणि टिपणे लपवून ठेवली. पुढे तेरा वर्षांनी, १९९२ साली, अध्यक्ष येल्त्सिन यांनी खरा प्रकार कबूल केला. आणि १९७९ साली त्या प्रांताचे पक्षप्रमुख येल्त्सिन हेच होते! जपून ठेवलेले ते नमुने पुढे शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले. रोग्यांच्या उपयोगी पडण्याची वेळ केव्हाच गेली होती.

गुप्तता हा लष्कराचा धर्म आहे. त्यात गैर काही नाही. वैद्यकाचा धर्म मात्र उलटा आहे. साथीच्या वेळी जो वैद्य माहिती दडवितो, तो रोगाला साहाय्य करतो. हे दोन धर्म एका दिवसासाठी एकत्र नांदवावयाचे असतील, तर काय उघड करावयाचे, कोणी करावयाचे आणि किती तासांच्या आत करावयाचे, याचे नियम शांततेच्या काळातच लिहून ठेवले पाहिजेत.

आता आपल्या घराकडे वळू. लष्कराच्या मदतीने साथ आटोक्यात आणण्याचा प्रयोग पुण्याला नवा नाही. १८९७ च्या प्रारंभी मुंबईमागोमाग पुण्यात प्लेग शिरला, आणि रँडसाहेबाच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. या समितीच्या रचनेकडे वाचकांनी बारकाईने पाहावे असे आम्हाला वाटते. तिच्यात मुलकी अधिकारी होता, लष्करी अधिकारी होता आणि वैद्यकीय अधिकारीही होता. म्हणजे आज ज्याला समन्वय म्हणतात तो कागदावर पुरेपूर होता. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरल्या, माजघरे आणि देवघरे तपासली गेली, बायकामाणसांना उघड्यावर उभे करण्यात आले, आजाऱ्यांना आणि त्यांच्या आप्तांना छावण्यांत हलविण्यात आले. लोक रोगापेक्षा तपासणीला भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या समितीत एकच पक्ष नव्हता: ज्याच्या घरात शिरावयाचे त्या माणसाचा.

त्याच महिन्यांत याच शहराच्या परिसरात दुसरीही एक रीत चालू होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला, आणि रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई स्वतः प्लेगने गेल्या. लोकमान्यांनीही रोग्यांसाठी रुग्णालय काढविले. लोक तेथे आपण होऊन जात. औषधे तीच होती, किंबहुना परिणामकारक औषध त्या काळी कोणाजवळच नव्हते. फरक होता तो विश्वासाचा. म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, जंतुहल्ल्याच्या प्रसंगी लष्कराला बोलवावे, अगत्याने बोलवावे, पण घराच्या उंबरठ्यावर उभा राहणारा मनुष्य ओळखीचा, आपल्या भाषेचा आणि नागरी पोशाखातला असावा. सूत्रे नागरी अधिकाऱ्याच्या हाती असावीत आणि लष्कराने त्याच्या पाठीशी उभे राहावे. त्याच्या जागी नव्हे.

स्वतंत्र भारताचे लष्कर रँडचे लष्कर नव्हे, हे वेगळे सांगावयास नको. २०२० च्या फेब्रुवारीत चीनमधील वुहानहून आणलेल्या विद्यार्थ्यांना मानेसर येथे सैन्यानेच ठेवून घेतले आणि त्यांची उत्तम बडदास्त ठेवली. २०२१ च्या एप्रिलमध्ये प्राणवायूवाचून माणसे तडफडत असताना हवाई दलाच्या विमानांनी रिकाम्या टाक्या उचलून नेल्या. त्यांपैकी काही पुण्याहूनच जामनगरला गेल्या. लोकांनी त्या विमानांना मनोमन हात जोडले. परंतु जरा आठवून पाहा: त्या वेळी लष्कर आले ते केव्हा? रुग्णालयांच्या दारांत रांगा लागल्यानंतर, न्यायालयांनी सरकारला खडसावल्यानंतर, आणि ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांनी व्यक्तिगत ओळखीने टेलिफोन केल्यानंतर. कोरोनाची साथ महिनोन् महिने चालली. चुका करून सुधारण्यास तिने सवड दिली. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणे दिसल्यापासून चोवीस तासांच्या आत औषध सुरू झाले तर रोगी वाचण्याची आशा, नाही तर नाही. तो रोग टेलिफोनवरील ओळखींची वाट पाहणार नाही.

कायद्याची स्थिती आणखीनच कौतुकास्पद आहे! संरक्षण हा विषय राज्यघटनेने केंद्राकडे सोपविला आहे; सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यांकडे आहेत; एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साथ पसरू न देणे हे दोघांच्याही सूचीत आहे. शत्रूने सोडलेला रोगजंतू यांपैकी कोणत्या रकान्यात बसवावयाचा? जो कायदा आपण २०२० साली बाहेर काढला, तो १८९७ चा. रँडच्या काळातलाच, चार कलमांचा. त्यात जैविक हल्ल्याचे नाव नाही, असणे शक्यही नव्हते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्राधिकरणाने २००८ साली जैविक आपत्तींसंबंधी सविस्तर मार्गदर्शिका काढली. तिच्यात लष्करी आणि नागरी वैद्यक यांच्या सहकार्याविषयी चांगले विचार आहेत. पण मार्गदर्शिका ही मार्ग दाखविते, चालावयास लावीत नाही. २०१७ साली साथी, जैविक दहशतवाद आणि आपत्ती यांच्यासाठी एका स्वतंत्र विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि तो मसुदाच राहिला. २०२४ च्या फेब्रुवारीत विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात जुना कायदा अपुरा असल्याचे म्हटले, आणि त्याच वर्षी नीती आयोगाच्या तज्ज्ञगटानेही नव्या कायद्याची शिफारस केली. अहवालांची आपल्याकडे कधी टंचाई पडली नाही.

तथापि दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे पुण्याला कारण नाही. या विषयाला लागणारी जेवढी सामग्री या एका शहरात आणि त्याच्या आसपास आहे, तेवढी देशात दुसरीकडे क्वचितच असेल. वानवडीला १९४८ पासूनचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आणि लष्कराचे मोठे रुग्णालय आहे. दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात अण्वस्त्रे, जंतू आणि रसायने यांपासून संरक्षणाचे शिक्षण देणारा स्वतंत्र विभाग आहे. १९५२ साली निघालेली विषाणू संस्था येथे आहे, आणि पाषाणला तिची अत्युच्च सुरक्षिततेची प्रयोगशाळा आहे. २०१८ साली केरळात निपाह उद्भवला तेव्हा निदानावर शिक्कामोर्तब करण्यासाठी नमुने आले ते येथेच. सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे. हडपसर-मांजरीकडे जगाला लस पुरविणारा कारखाना आहे. ससून आहे, नायडू आहे, आणि खाजगी रुग्णालयांची तर गणतीच नाही. २०२१ च्या डिसेंबरात लष्कराच्या दक्षिण कमांडने शेजारी राष्ट्रांना बोलावून साथीच्या पार्श्वभूमीवरील आपत्तीचा 'पॅनेक्स-२१' हा संयुक्त सरावही याच शहरात केला.

एवढे सगळे असूनही या शहरात एक रस्ता ओलांडला की राज्य बदलते. महापालिका दोन, छावणी मंडळे तीन, शिवाय जिल्हा परिषद. महापालिका राज्याच्या नगरविकासखात्याखाली, छावणी संरक्षणखात्याखाली. छावण्यांतील नागरी वस्ती महापालिकांना जोडण्याची भाषा अलीकडे सुरू झाली आहे. ती प्रत्यक्षात येईल तेव्हा येईल. घोरपडीत एका बाजूला महापालिकेचा नळ आणि दुसऱ्या बाजूला छावणीचा, पण रोगजंतूला हद्दीचा दगड वाचता येत नाही.

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, धायरी, किरकटवाडी आणि नांदेड गावच्या बाजूला, धडधाकट माणसांच्या हातापायांतले बळ एकाएकी जाऊ लागले. गुइलेन-बॅरे या आजाराचे रोगी दोनशेंच्या घरात गेले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. दूषित पाण्यावाटे आलेल्या जंतूकडे तपासाचा रोख होता. हा प्रकार ध्यानात आला तो निरनिराळ्या रुग्णालयांतील डॉक्टरांना 'अरे, हे रोगी एकाच भागातले कसे?' असा प्रश्न पडला म्हणून. समजा, तो प्रश्न पडण्यास आणखी आठवडा लागला असता तर? आणि समजा, पाण्यात ते कोणी मुद्दाम मिसळले असते तर? डॉक्टरांनी महापालिकेला कळविले असते, महापालिकेने राज्याला, राज्याने केंद्राला, आणि केंद्राच्या आरोग्यखात्याने संरक्षणखात्याला. तेथून ही बातमी खाली उतरत वानवडीला आली असती. सिंहगड रस्त्यापासून वानवडी फार तर बारा-पंधरा किलोमीटर असेल. बातमीने मात्र दिल्लीची वारी करावयाची!

आम्ही पूर्वी शिक्षक होतो. १९९४ साली सुरतेत प्लेगची आवई उठली, त्याआधी आपल्याच बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता, त्या दिवसांत मुले तोंडाला हातरुमाल बांधून वर्गात येत, आणि शाळेजवळच्या औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दोन दिवसांत नाहीशा झाल्या. ज्यांना त्यांची गरज नव्हती त्यांच्या कपाटांत त्या होत्या. सुरतेहून तर लाखो लोक पळाले, आणि पळणाऱ्यांत डॉक्टरही होते. हे आठवले म्हणजे औषधवाटपाचा प्रश्न किती मोठा आहे हे कळते. ॲन्थ्रॅक्सचा संसर्ग ज्यांना झाला असण्याचा संभव आहे, त्यांना साठ दिवस, रोज दोन याप्रमाणे गोळ्या द्याव्या लागतात. लाख माणसांचा हिशेब केला तर एक कोटी वीस लाख गोळ्या झाल्या. २०११ च्या जनगणनेतच पुणे शहराची वस्ती एकतीस लाखांवर होती. या गोळ्या ठेवावयाच्या कोठे, त्यांच्या मुदती कोणी तपासावयाच्या, आणि एका दिवसात त्या वाटावयाच्या कशा? लष्कराला रसद हलविण्याची कला अवगत आहे. गोदामापासून वॉर्डापर्यंतचे काम त्याच्याकडे द्यावे. वॉर्डापासून घरापर्यंतची यंत्रणा मात्र आपल्याकडे तयारच आहे, आणि ती आहे मतदानाची. प्रत्येक गल्लीची यादी, जवळची शाळा, खोली क्रमांक, आणि टेबलामागे बसलेला तो गरीब बिचारा शिक्षक! जनगणना, निवडणूक, पल्स पोलिओ हे सारे ज्याने केले, तो हेही करील. मात्र त्याला आधी औषध द्यावे आणि त्याच्या कुटुंबालाही द्यावे, एवढी माणुसकी दाखवावी.

हीच गोष्ट परिचारिका, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचे चालक आणि स्मशानातील कामगार यांची. लष्करातल्या जवानाला संरक्षक पोशाख चढविण्याचा आणि त्याहून कठीण असे तो उतरविण्याचा सराव असतो. ससूनच्या निवासी डॉक्टराला तो वानवडीचे शिक्षक महिन्यातून एका सकाळी सहज देऊ शकतील. पेठांतले आणि उपनगरांतले खाजगी डॉक्टर यांनाही त्यात घ्यावे. ताप आलेला पुणेकर प्रथम ससूनला जात नाही, कोपऱ्यावरच्या आपल्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरने देवीचा रोगी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. ते साहजिकच आहे, १९७५ नंतर तो भारतात कोणीच पाहिला नाही. आमच्या दंडावर देवीच्या लसीचा वण आहे. आमच्या मुलांच्या दंडावर नाही. पशुवैद्यांनाही विसरू नये. प्लेगाआधी उंदीर पडतात हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, आणि काळपुळी गोठ्यात आधी दिसते.

यावर दोन आक्षेप येतील. एक असा की, अशा चर्चेने लोकांत घबराट पसरते. सुरतेचा अनुभव उलट सांगतो; घबराट पसरली ती अधिकृत माहिती उशिरा आणि परस्परविरोधी मिळाली म्हणून. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ज्या महापालिकेच्या दवाखान्यांत साध्या डॉक्टरांच्या जागा रिकाम्या राहतात, तिने जंतुयुद्धाच्या गोष्टी कराव्यात काय? आम्ही हा आक्षेप मान्य करतो आणि त्यातूनच आमचे उत्तर काढतो. जंतुहल्ल्यासाठी स्वतंत्र इमारती व परदेशी यंत्रे यांचा घाट कोणी घालील, तर आम्ही त्याला प्रथम विरोध करू. संशयास्पद आजाराची खबर त्याच दिवशी वर पोहोचणे, संसर्गाचे रोगी वेगळे ठेवण्यास खाटा असणे, प्रयोगशाळेचे निदान लवकर येणे, पाण्याची रोज तपासणी होणे, या गोष्टी डेंग्यू-कावीळ-कॉलऱ्यालाही तितक्याच लागतात. २००९ साली स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यातली एक शाळकरी मुलगी ठरली आणि नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, तेव्हा यांतले काय काय कमी होते हे शहराने पाहिले आहे. शत्रू कधीच आला नाही, तरी हा खर्च वाया जाणार नाही.

म्हणून मोठ्या घोषणा नकोत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही महापालिकांचे आरोग्याधिकारी, तिन्ही छावण्यांचे प्रतिनिधी, लष्करी वैद्यकीय अधिकारी, विषाणू संस्था, पोलीस, अन्न व औषध प्रशासन आणि खाजगी डॉक्टरांची संघटना यांची एक लहान कायम समिती असावी. तिने तीन महिन्यांतून एकदा भेटावे, वर्षातून एकदा रात्रीच्या वेळी, पूर्वसूचना न देता, सराव करावा, आणि सरावात काय चुकले ते लोकांपुढे ठेवावे. लष्कराची गुपिते त्यात उघड करावी लागत नाहीत. आपली ढिलाई तेवढी उघड होते.

तूर्त आमचा प्रश्न एवढाच आहे. ससूनमध्ये पहाटे दोन वाजता कामावर असलेल्या एखाद्या निवासी डॉक्टरापुढे एकाच वस्तीतले, एकाच लक्षणांचे तीन रोगी लागोपाठ आले आणि त्याच्या मनात नको ती शंका आली, तर त्याच्या टेबलावर कोणता क्रमांक लिहिलेला असेल? तो उचलणारा अधिकारी वानवडीच्या लष्करी रुग्णालयातील आपल्या जोडीदाराला नावाने ओळखत असेल काय? महापालिका आयुक्त, जिल्हाधिकारी आणि दक्षिण कमांडचे वैद्यकीय अधिकारी यांनी याचे उत्तर द्यावे. ते आम्ही याच पानावर छापू.